डोळ्याची खोबण: चार भिंती आणि भिंतींपलीकडचे शेजारी

पापणकाठ

चष्मा, मोतीबिंदू, काचबिंदू, लेझर यांवर इथे भरपूर लिहून झालंय. डोळा ज्या हाडांच्या पोकळीत बसलेला असतो तिच्याबद्दल मात्र काहीच सापडलं नाही. मी वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवते आणि अख्ख्या कवटीत माझी सगळ्यात आवडती जागा हीच. म्हणून हा धागा काढतेय. प्रश्न जरूर विचारा.

आधी आकार. खोबण गोल वाटते, पण ती आडव्या ठेवलेल्या चौकोनी पिरॅमिडच्या आकाराची असते. तोंड पुढे, टोक मागे मेंदूच्या दिशेला. तोंड साधारण ४० मिमी रुंद, ३५ मिमी उंच आणि खोली ४० ते ४५ मिमी. आतली सगळी जागा मिळून ३० मिलिलिटरच्या आसपास. त्यात नेत्रगोलाचा वाटा फक्त ७ मिलिलिटर! उरलेल्या जागेत डोळा हलवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांच्या मधल्या फटी भरून काढणारी मऊ चरबी.

खोबण बनते सात हाडांची: कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, टाळूचं, अश्रूंच्या पिशवीजवळचं चिमुकलं अश्रु-अस्थी, नाकाच्या मुळाशी असलेलं एथमॉइड आणि कवटीच्या तळाशी पंख पसरून बसलेलं स्फिनॉइड. मुलं ही यादी घडाघडा म्हणतात आणि परीक्षा संपली की विसरतात. यादीत लक्षात राहण्याजोगं काही नाहीच. माझं म्हणणं असं की खोबण समजून घ्यायची तर प्रत्येक भिंतीपलीकडे कोण राहतं ते बघावं. खोबणीची कितीतरी दुखणी डोळ्यात सुरू होत नाहीत, ती शेजारून आलेली असतात.

छताच्या वर मेंदूचा पुढचा भाग, आणि अगदी पुढे भुवईच्या मागे कपाळाचं सायनस. जमिनीखाली गालाचं सायनस, म्हणजे हवेने भरलेली पोकळी. नाकाकडच्या भिंतीपलीकडे एथमॉइडची बारीक बारीक हवेची घरं. बाहेरच्या भिंतीपलीकडे पुढच्या बाजूला चावताना कानशिलावर फुगतो तो स्नायू आणि मागे पुन्हा मेंदू.

आता जाडी बघा. बाहेरची भिंत सगळ्यात भक्कम, कारण बाजूने येणारा मार तीच झेलते. जमीन अर्धा ते एक मिमी. आणि नाकाकडची भिंत? काही ठिकाणी ०.२ ते ०.४ मिमी! तिचं शास्त्रीय नावच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचं आहे. शिकवायच्या कवटीत मी ती उजेडासमोर धरते तेव्हा हाडातून प्रकाश आरपार येतो आणि पलीकडच्या हवेच्या घरांच्या भिंतींची जाळी रेघारेघांनी दिसते. पुष्कळ कवट्यांत हा भाग हाताळून हाताळून फुटून गेलेलाच असतो.

आणखी एक गंमत दिशेची. दोन्ही खोबणींच्या नाकाकडच्या भिंती एकमेकींना जवळपास समांतर जातात. बाहेरच्या भिंती मात्र ४५ अंशांनी फाकलेल्या. मागे वाढवल्या तर त्या एकमेकींना काटकोनात मिळतील. त्यामुळे खोबणीचा अक्ष २२-२३ अंश बाहेर झुकलेला असतो, आणि आपण तर सरळ समोर बघतो. वर नेणारा स्नायू खोबणीच्या टोकापासून तिरका येऊन डोळ्याला चिकटतो, म्हणून सरळ बघत असताना तो डोळा वर नेतानाच थोडा आत खेचतो आणि थोडा फिरवतोही. डोळा २३ अंश बाहेर वळवला की मगच तो निव्वळ वर ओढतो. डॉक्टर बोट नुसतं वर-खाली न नेता आधी कडेला नेऊन मग वर-खाली का नेतात, त्याचं उत्तर या झुकलेल्या अक्षात आहे.

अबोली

मस्त धागा! वाचतेय.

रेघोट्या

मी व्यक्तिचित्रं काढतो. शिकताना 'डोळा म्हणजे खोबणीत बसवलेला चेंडू' एवढंच सांगितलं होतं, पण कवटीवरून चित्र काढताना खोबणीची कडा मला कधीच नीट गोल जुळत नाही. बाहेरची बाजू खाली उतरलेली आणि मागे गेलेली दिसते. हे बरोबर आहे का?

पापणकाठ

अगदी बरोबर दिसतंय तुम्हाला, रेघोट्या. कडा कोपरे गोलावलेल्या चौकोनासारखी असते आणि बाहेरच्या अंगाला खाली कललेली असते. शिवाय ती एका पातळीत नसते. बाहेरची कड बरीच मागे असते, जवळपास नेत्रगोलाच्या मध्याच्या रेषेत. बाजूने बघितलं तर बुबुळाचं टोक बाहेरच्या कडेच्या साधारण १२ ते २१ मिमी पुढे असतं. म्हणूनच मान न वळवता कडेचं ९० अंशांपलीकडचंही आपल्याला दिसतं. त्याची किंमत अशी, की त्या बाजूने डोळा उघडा पडतो.

अजून एक बारकावा, चित्रकाराला आवडेल असा. कडा हे बंद वर्तुळ नाहीच. नाकाजवळ खालची कड वर चढत अश्रुपिशवीच्या पुढून जाते आणि वरची कड खाली उतरत तिच्या मागून जाते. दोन्ही टोकं भेटतच नाहीत. त्यांच्या मधल्या खळग्यात अश्रुपिशवी बसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी बोट हलकं फिरवलंत तर पुढची धार हाताला लागेल. भुवईखालच्या कडेवर, नाकाकडून एक तृतीयांश अंतरावर एक छोटी खाचही लागेल. तिथून कपाळाची नस वर जाते, म्हणून जोरात दाबलं तर कळ येते. पापण्यांचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा बहुतेकांत दोनेक मिमी वर असतो, तेही बघा.

रेघोट्या

आरशासमोर उभा राहून सगळं चाचपून पाहिलं. खाच सापडली. स्त्री-पुरुषांच्या कवटीत या कडेत फरक असतो असं ऐकलंय.

पापणकाठ

असतो. वरची कड स्त्रियांच्या कवटीत सहसा धारदार आणि पुरुषांच्या कवटीत बोथट, जाड. न्यायवैद्यकात सांगाड्यावरून लिंग ठरवताना ही एक खूण धरतात, पण एकटीच्या भरवशावर नाही. तिच्या जोडीला कटीचं हाड आणि कवटीच्या इतर खुणा लागतात.

वाटसरू

माझा भाबडा प्रश्न. डोळ्यासारखा मोलाचा अवयव आणि भिंती कागदाएवढ्या? जाड हाड असतं तर जास्त सुरक्षित नसतं का?

पापणकाठ

अजिबात भाबडा नाही. भिंती पातळ आहेत, पण कडा जाड आहे, आणि पहिला मार कडेवरच बसतो. कडेपेक्षा मोठी वस्तू, म्हणजे मूठ, कोपर, टेनिसचा चेंडू, कडेवर अडते. ४० मिमीच्या आसपासचा स्क्वॉशचा चेंडू किंवा बॅडमिंटनच्या फुलाचं बूच मात्र आत घुसतं आणि थेट नेत्रगोलावर आदळतं. डोळ्याच्या दृष्टीने लहान चेंडू जास्त घातक, तो याच कारणाने.

मोठ्या वस्तूचा मार बसला की बऱ्याचदा कडा शाबूत राहते आणि आतली जमीन फुटते. याला ब्लो-आउट फ्रॅक्चर म्हणतात. हे नाव स्मिथ आणि रेगन यांनी १९५७ मध्ये रूढ केलं. त्यांनी मृतदेहाच्या मिटलेल्या डोळ्यावर हर्लिंग खेळाचा चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला; कडा तशीच राहिली आणि जमीन फुटली. त्यांचं म्हणणं असं, की आतला दाब एकदम वाढतो आणि सगळ्यात कच्ची जागा फुटते. दुसरं मत असं, की मार कडेवरच बसतो, कडा क्षणभर वाकते आणि ती लाट मागे जाऊन पातळ जमीन मोडते. माझ्या मते दोन्ही घडतं आणि कधी काय जास्त, हे मार कुठे बसला यावर ठरतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जमीन फुटते तेव्हा आतल्या दाबाला वाट मिळते आणि नेत्रगोल बऱ्याचदा वाचतो. भिंती डोळ्याला वाचवण्यासाठी पातळ 'बनवल्या' असं मात्र मी म्हणणार नाही. पलीकडे सायनस वाढत गेले म्हणून मधलं हाड पातळ राहिलं. फायदा झाला हे खरं.

एक्सरेवाला

सी.टी. विभागात काम करतो, रोज हेच बघतो. डॉक्टर कपाळाला समांतर उभे काप मागतात, कारण जमीन त्यातच नीट दिसते. फुटलेल्या जमिनीतून चरबी गालाच्या सायनसमध्ये थेंबासारखी लोंबलेली दिसते. पण मला नेहमी पडणारा प्रश्न: नाकाकडची भिंत जमिनीपेक्षा पातळ असताना जमीनच जास्त वेळा का फुटते?

पापणकाठ

सुंदर प्रश्न. कागदी भिंतीपलीकडे एथमॉइडच्या घरांचे आडवे-उभे पडदे असतात, ते तिला मागून टेकू देतात. जमिनीखाली सायनसची मोठी रिकामी पोकळी, काहीच आधार नाही. त्यात जमिनीतून एक नस चर पाडत पुढे जाते. त्या चरीच्या नाकाकडचा भाग सगळ्यात नाजूक आणि तोच बहुधा मोडतो.

म्हणून त्या नसेचीही तपासणी करायची. ती पुढे गालावर, नाकाच्या कडेला, वरच्या ओठाला आणि वरच्या पुढच्या दातांना संवेदना देते. डोळ्याला मार लागल्यावर कोणी म्हणालं 'गाल बधिर झालाय, वरचा ओठ माझा वाटत नाही', तर एक्स-रे काढण्याआधीच जमीन फुटल्याचा संशय घ्यावा.

आणि अशा माणसाला नाक शिंकरू देऊ नका. सायनसमधली हवा फुटलेल्या जागेतून खोबणीत शिरते आणि पापणी क्षणात फुगते. बोटाने दाबली तर आत हवा चुरचुरते. क्वचित ही हवा इतकी कोंडते की दृष्टीच्या नसेवर दाब येतो.

अबोली

आमच्या नात्यातल्या एका मुलाबद्दल विचारायचंय. खेळताना दुसऱ्याचं कोपर डोळ्याला लागलं. डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, काळंनिळं नाही. पण उलट्या सुरू झाल्या आणि मलूल होऊन झोपून राहिला. सगळ्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय. मेंदूचा स्कॅन चांगला आला म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी वर बघताना त्याला दोन-दोन दिसतायत म्हणाला, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. आता बरा आहे. पण डोळ्याच्या मारात उलट्या का?

पापणकाठ

अबोली, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक पालकाला हे माहीत असायला हवं.

लहान मुलांचं हाड लवचीक असतं. मोठ्या माणसाची जमीन मोडून तुकडे पडतात. मुलाची जमीन झडपेसारखी उघडते आणि पुन्हा मिटते. तेवढ्या क्षणात खालचा स्नायू किंवा त्याच्याभोवतीची ऊती फटीत अडकते. बाहेरून डोळा शांत दिसतो, म्हणून या प्रकाराला 'पांढऱ्या डोळ्याचं ब्लो-आउट' म्हणतात. आत मात्र चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडत असतो.

उलट्यांचं कारण नसांच्या जोडणीत आहे. डोळ्याच्या स्नायूंवरचा ताण चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून, म्हणजे ट्रायजेमिनलमधून, मेंदूच्या खोडाकडे जातो आणि तिथून व्हेगस नसेतून हृदयाकडे आणि पोटाकडे उतरतो. नाडी मंदावते, मळमळतं, उलटी होते, चक्कर येते. आश्नर आणि डॅग्निनी यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ मध्ये नोंदवली. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत स्नायू ओढला की मॉनिटरवर ठोके खाली येतात आणि भूलतज्ज्ञ 'सोडा, सोडा' म्हणतात, तीही हीच क्रिया.

तेव्हा डोळ्याजवळ मार लागलेलं मूल उलट्या करत असेल तर मेंदूची काळजी घ्याच, पण त्याला वर आणि खाली बघायलाही सांगा. एक डोळा वर जायचा थांबत असेल किंवा बघताना दुखून मूल डोळे मिटून घेत असेल तर तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे जा. मोठ्या माणसांत सूज उतरेपर्यंत एक-दोन आठवडे थांबून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. मुलांत स्नायू अडकलेला असेल तर एक-दोन दिवसांच्या आत सोडवावा लागतो, नाहीतर स्नायू कायमचा आखडतो.

एक्सरेवाला

दुजोरा. अशा मुलांच्या स्कॅनमध्ये हाड जवळजवळ जागेवर दिसतं. मेंदूचे काप वरवर चाळले तर हमखास निसटतं. खालचा स्नायू आपल्या जागी दिसत नाही, ही खूण शोधावी लागते.

गोठ्यातला डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर. इथे थोडी भर घालतो. कुत्र्या-मांजरांना खोबणीची हाडाची बाहेरची भिंतच नसते. बाहेरच्या कडेला फक्त एक बंध असतो, जमिनीचाही बराच भाग मऊ. गाई-घोड्यांत बाहेरची कडा हाडाची पूर्ण असते, पण तिच्या मागे भिंत नाही.

याचा रोजच्या कामात उपयोग होतो. कुत्र्याच्या डोळ्यामागे गळू झालं की मालक सांगतात 'डोळा बाहेर आलाय आणि खात नाही'. तोंड उघडायला गेलं की कुत्रं किंचाळतं. जबडा उघडताना त्याच्या हाडाचं वरचं टोक पुढे सरकून थेट डोळ्यामागच्या गळूवर दाबतं, कारण मधे भिंत नाही.

पापणकाठ

वा! हे वर्गात सांगणार. माणसात आणि माकडांत बाहेरची भिंत भरून आलेली आहे, त्यामुळे चावताना कानशिलाचा स्नायू कितीही फुगला तरी डोळा हलत नाही. कानशिलावर बोट ठेवून दात आवळून बघा, डोळ्यापासून अगदी जवळ केवढी हालचाल चालते ते कळेल. तरीही याच ओळी आपण स्थिर नजरेने वाचू शकतो.

चांदणवेल

वर 'शेजारून आलेली दुखणी' म्हटलंय त्यावरून विचारते. मुलाला सर्दी झाली की डोळ्याची पापणी सुजते. घरात कोणी म्हणतं शेक दे, कोणी म्हणतं थांब. केव्हा घाबरायचं?

पापणकाठ

चांदणवेलताई, मुलांत डोळ्यामागे पू होण्याचं मुख्य कारण एथमॉइडचं सायनसच, आणि रस्ता तीच कागदी भिंत. तिच्यात रक्तवाहिन्यांसाठी भोकंही असतात, जंतूंना ती पुरतात.

पण पापणी सुजली म्हणजे खोबणीत संसर्ग गेलाच असं नाही. कडेपासून पापणीत एक पातळ पडदा उतरतो. पडद्याच्या पुढची सूज बऱ्याचदा साध्या औषधांनी बरी होते. पडद्यामागे गेली तर प्रकरण गंभीर. फरक ओळखायला पापणी हळूच उचलून आतला डोळा बघा. डोळा सगळीकडे सहज फिरतोय, दुखत नाही, नेहमीसारखं दिसतंय, तर बहुधा पुढची सूज. तरी डॉक्टरांना दाखवायचंच. डोळा पुढे आलाय, फिरवताना दुखतोय, फिरतच नाहीये, नजर अंधुक किंवा लाल रंग फिका दिसतोय, ताप चढलाय, यातलं काहीही असेल तर त्याच वेळी रुग्णालय गाठा, सकाळची वाट बघू नका. संसर्ग मागे कवटीतल्या शिरांपर्यंत गेला तर जिवावर बेततं.

सर्दी-ताप काही नाही आणि मुलाचा एक डोळा काही दिवसांत भराभर बाहेर येतोय, असं असेल तरही लगेच दाखवा. लहान वयात स्नायूची एक कर्करोगाची गाठ अशीच वाढते आणि बऱ्याचदा 'कुठेतरी आपटला असेल' म्हणून वेळ जातो.

चांदणवेल

मनापासून आभार. हे लिहून फ्रिजवर लावतेय.

मध्यमा

मला थायरॉइडमुळे डोळ्यांचा त्रास आहे. डोळे मोठे, टपोरे दिसतात, खाली बघताना वरची पांढरी कड उघडी राहते. थायरॉइड गळ्यात, मग खोबणीत काय होतं?

पापणकाठ

मध्यमा, त्रास समजू शकते. चेहरा बदलतो आणि लोक बोलून दाखवतात, तेही सोसावं लागतं.

ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि बाझेडो यांनी १८४० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते, आणि थायरॉइडच्या पेशींवर असतात तशाच खुणा खोबणीतल्या काही पेशींवरही असतात. मग तिथे सूज येते, स्नायू जाड होतात, चरबी वाढते. खोबणीला बाजूंनी पसरायला जागा नाही, चारही भिंती हाडाच्या. आतलं वाढलं की जायला वाट एकच, पुढे. म्हणून डोळा बाहेर येतो. त्यातल्या त्यात खालचा आणि नाकाकडचा स्नायू जास्त वेळा सुजतो, म्हणून वर किंवा बाहेर बघताना दोन-दोन दिसतं.

खरी भीती टोकाशी. तिथे जागा अगदी अरुंद आणि सुजलेले सगळे स्नायू एकाच कड्याला बांधलेले. त्या कड्यातून दृष्टीची नस जाते. नस चेपली की आधी रंग फिके होतात, मग नजर कमी होते. काही वेळा डोळा फारसा बाहेर आलेला नसतानाही हे होतं. पुढे यायला जागा न मिळाल्याने दाब आतच राहतो. रंग फिके वाटले तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.

नसेबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. डोळ्याच्या मागच्या बाजूपासून, ती ज्या हाडाच्या कालव्यातून मेंदूकडे जाते त्याच्या तोंडापर्यंत अंतर साधारण १८ मिमी, पण खोबणीतली नस २५ ते ३० मिमी लांब. म्हणजे ती वळण घेऊन सैल पडलेली असते. म्हणून डोळा कुठेही फिरवला तरी ती ताणत नाही, आणि डोळा काही मिलिमीटर पुढे आला तरी लगेच तुटायला येत नाही.

उपचारांत एक शस्त्रक्रिया अशी, की खोबणीची जमीन आणि नाकाकडची भिंत मुद्दाम काढतात. वाढलेल्या ऊती शेजारच्या सायनसमध्ये उतरतात आणि डोळा मागे जातो. पातळ भिंत आणि रिकामा शेजार, दोन्ही इथे कामाला येतात. आणि कृपया धूम्रपान असेल तर सोडा. या आजारात त्याने डोळे बिघडण्याचा धोका वाढतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

मध्यमा

धूम्रपान नाही, पण घरात धूर असतो. आजच बोलते. सैल नसेचं वाचून धीर आला.

वाटसरू

याच्या उलट होतं का कधी? डोळा आत जाणं?

पापणकाठ

होतं. पाणी कमी झालेल्या तान्ह्या बाळाचे डोळे खोल जातात, ते बघून डॉक्टर जुलाबाची तीव्रता ठरवतात. उपासमारीत चरबी झिजते. काचबिंदूच्या काही थेंबांनी खोबणीतली चरबी कमी होऊन वरच्या पापणीखाली खळगा पडतो. एकाच डोळ्यात थेंब घालणाऱ्यांत तो चटकन लक्षात येतो. (थेंब स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.) जमीन फुटलेली तशीच राहिली तर काही आठवड्यांनी सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो.

पण सगळ्यात विलक्षण प्रकार मूक सायनसचा. गालाच्या सायनसचं तोंड बंद होतं, आतली हवा शोषली जाते, दाब उणे होतो आणि पातळ जमीन हळूहळू खाली ओढली जाते. दुखत नाही, सर्दी नाही. माणसाला वाटतं पापणी पडलीये किंवा एक डोळा लहान झालाय. जुने फोटो शेजारी ठेवले की फरक कळतो. नाकाच्या डॉक्टरांनी सायनसचं तोंड उघडलं की ओढ थांबते.

एक्सरेवाला

स्कॅनमध्ये तो सायनस आक्रसलेला दिसतो, भिंती आत वाकलेल्या. एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही.

निळाई

खूप दिवस लिहावं की नाही विचार करत होते. मला लहानपणी डोळ्यात गाठ होती म्हणून डोळा काढावा लागला. आई सांगते, डॉक्टरांनी लगेच आत गोळा बसवला आणि पुढे वाढत्या वयात कृत्रिम डोळा परत परत बदलावा लागला. तिला तेव्हा वाटायचं एवढ्या लहान मुलीला दिसण्यासाठी कशाला त्रास. खोबणीचं आणि याचं काही नातं आहे का?

पापणकाठ

निळाई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. नातं फार जवळचं आहे. जन्माच्या वेळी नेत्रगोल साधारण १६-१७ मिमीचा असतो आणि मोठेपणी २४ मिमी. खोबणीची हाडं आतल्या ऐवजाच्या बरोबरीने वाढतात. डोळा वाढतो, हाडांना ताण मिळतो आणि खोबण रुंदावते. लहानपणी ती जागा रिकामी राहिली तर त्या बाजूची खोबण लहान राहते आणि चेहऱ्याची ती बाजूच मागे पडते. कपाळ, गाल, भुवई, सगळं.

आतला गोळा ती जागा भरून धरतो. त्यावर बसणारा, तुम्ही काढता-घालता तो डोळा म्हणजे एक वाटोळं कवच. ते पापण्यांमागची जागा टिकवतं. म्हणून वय वाढेल तसं ते मोठं करत जावं लागतं. स्नायू आतल्या गोळ्याला जोडलेले असतील तर तो डोळा थोडा हलतोही.

निळाई

हलतो. सरळ बघताना कोणाला कळत नाही. एकदम बाजूला बघितलं की कळतं, म्हणून मी मानच वळवते. आईला तुमचा प्रतिसाद आत्ताच वाचून दाखवला. ती विचारतेय, मोठेपणीही कवच बदलत राहावं लागतं का?

पापणकाठ

हो, पण कमी वेळा. हाडं पूर्ण वाढल्यावर आकार फारसा बदलत नाही. मात्र चरबी वयानुसार थोडी झिजते आणि खालची पापणी सैल होते, मग कवच नीट बसेनासं होतं. वर्षातून एकदा ते घासून गुळगुळीत करून घ्यावं, आणि काही वर्षांनी नवं माप घ्यावं. स्राव वाढला, टोचायला लागलं किंवा आतला गोळा उघडा पडलाय असं वाटलं तर लगेच दाखवा. आणि दुसऱ्या डोळ्यावर नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा कायम वापरा. बाहेरची कड मागे असते हे वर लिहिलंय, त्यामुळे चष्म्याच्या काड्या कडेला रुंद असलेल्या घ्या.

निळाई

आई म्हणते चष्म्याचं लगेच बघू.